जाग्या गटातली नंदा

नंदे,

गेले काही दिवस आपल्या पडवीत माणसं येऊन बसतात. चहा होतो, ‘लई हुशार पोर’ असं म्हणून होतं, आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे ना! कुणाची म्हैस धरणात उतरली, कुणाचा नवरदेव हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, रंगवून सांगायचं ते मीच. तेव्हा तुझंही मीच सांगणार, असं त्यांनी धरून ठेवलंय. मी सुरू करतो. ताप आला, डॉक्टर असून अंगावर काढला, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लावला. इथपर्यंत बरा जातो. पुढं मी काहीतरी काम आठवल्यासारखं करून मागच्या गोठ्यात जातो. गोठ्यात आता भाडेकरूंच्या मोटारसायकली असतात. मोटारसायकलींकडे तोंड करून रडणारा घरमालक या पट्ट्यात दुसरा नसेल.

परवा मारुंजीची आत्या आली. चहाही घेतला नाही तिनं.

“गण्या, एक इचारू का? दवाखान्यात पोरीवर चिठ्ठी टाकली म्हणं? परयोग केला म्हणं तिच्यावर? आन् सही तू केली?”

“केली.”

“काय निघालं मग चिठ्ठीत?”

“जागं ठेवायचं निघालं.”

“नळी घालून जागी ठिवली? आगं बाई...” आत्यानं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “झोपीवली आसती तर वाचली आसती का रं?”

आत्या तशी वाईट नाही. तिनं विचारलं, बाकीच्यांनी मनात ठेवलंय, एवढाच फरक. मी गोठ्यात गेलो.

म्हणून हे तुलाच लिहितोय. तुझ्यापुढं रंगवून सांगता येत नाही. लहानपणापासून तू मध्येच तोंड घालायचीस, ‘दादा, मागच्या टायमाला बैल दोन होते, आज चार कसे झाले?’ आणि आत्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असं आपल्या घरात एकच माणूस होतं.

तुझं काम आपल्यात कुणाला धड कळलंच नाही बघ. आईचं सरळ होतं, “माझी नंदी लोकांस्नी झोपीवती.” जत्रेला आलीस की लोक तुला धरून गुडघे दाखवायचे, आणि तू भुलीची डॉक्टर आहेस असं कळलं की गुडघा परत धोतरात. मीही त्यातलाच. तू भूलतज्ज्ञ झालीस तेव्हा मी सोयऱ्यांत सांगत फिरलो की ऑपरेशनच्या आधी एक सुई टोचायची आणि मग दिवसभर मोकळी. तुझ्या कानावर ते गेलं. तू मला हाताला धरून आयसीयूच्या काचेपाशी नेलंस. आत एक माणूस निपचित, छाती यंत्राच्या तालावर वर-खाली.

“तो झोपलाय ते माझ्या औषधानं, श्वास घेतोय तो मी लावलेल्या मशीनवर. मी मोकळी दिसते का तुला?”

“दिसतेस तर मोकळीच,” मी म्हणालो, “माझ्याशी भांडायला बाहेर आलीस की.”

तू हसलीस, आणि लगेच आत काहीतरी वाजलं म्हणून पळालीस. मी काचेपाशी एकटाच. आत तू त्या बेशुद्ध माणसाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होतीस. नंतर मी विचारलं, ऐकू येतं का त्याला? तू म्हणालीस, “माहीत नाही. म्हणून सांगते.”

तुझं हे ‘माहीत नाही’ मला कधी पटलं नाही. डॉक्टरनं असं म्हणायचं असतं का? आपण फी कशाची देतो?

आपलं खरं भांडण आबांवरून, आपल्या बापावरून होतं. त्याला आपण कधी आबांचं नाव दिलं नाही, तुझ्या संशोधनाचं दिलं. आबा आयसीयूत होते तेव्हा तू शिकाऊ होतीस. त्यांना झोपवलं ते झोपवलंच. शेवटपर्यंत डोळा उघडला नाही. मी सगळ्यांना सांगायचो, आबा शांत गेले, त्रास म्हणून झाला नाही. तू एकदा जमिनीच्या वाटणीच्या जेवणात, पंगत बसलेली असताना, म्हणालीस, “शांत गेले का ते आपल्याला ठाऊक न्हाई, दादा. आपल्याला न भेटता गेले एवढंच ठाऊक हाय.” रागावलीस की तुझी पुण्याची भाषा गळून पडायची. पंगतीत वाढणारे थांबले. आईनं सगळ्यांना आमटी वाढायला घेतली.

त्यानंतर तू ते संशोधन धरलंस. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला खोल झोपवून ठेवावं, की औषध कमी करून, वेदना सांभाळून, जमेल तितकं जागं ठेवावं? कुणाला कुठलं, हे चिठ्ठीवर. संगणकाची चिठ्ठी, पण चिठ्ठीच. हे ऐकून मी उडालोच होतो. धरणावर मिसळ खात होतो आपण, शनिवारची गर्दी, पाण्यात पोरं ओरडतायत, आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो, “माणसांवर चिठ्ठ्या टाकता? तुला वाटतं ना जागं ठेवलेलं बरं? मग ठेव की सगळ्यांना जागं!”

“मला वाटतं म्हणूनच चिठ्ठी,” तू म्हणालीस. “माझं मन आबांपाशी अडकलंय. मी निवडायला बसले तर माझ्या आबांसाठी निवडीन, समोरच्या पेशंटसाठी नाही.”

मला कळलं नाही. मग तू आबांचंच उदाहरण दिलंस. आबा नवं बियाणं आणायचे ते कधी धरणाखालच्या चांगल्या भातखाचरात लावायचे नाहीत. म्हणजे फक्त तिथंच लावायचे नाहीत. थोडं चांगल्यात, थोडं खडकाळ खाचरात, आणि शेजारी जुना आंबेमोहर. “चांगल्या खाचरात नवं टाकलं आणि पीक जोमात आलं,” तू विचारलंस, “तर ते बियाण्याचं की खाचराचं?”

एवढं सोपं कुणीच सांगितलं नसतं. मला पटलं. पटलं म्हणूनच मी म्हणालो, “खाचर बुडालं तर पुढच्या साली परत लावता येतं, नंदे.”

तू चमचा खाली ठेवलास. मग म्हणालीस, “व्हय. ते खरं हाय.” बस. आयुष्यात तुझ्याशी जिंकलेला तो माझा एकमेव वाद. घरी येऊन बायकोला सांगितला, भाडेकरूंना सांगितला, दूधवाल्याला सांगितला. आता कुणी तो वाद परत काढून मला हरवलं तर बरं होईल.

आणि त्याच चिठ्ठीसाठी मी काय केलं होतं, ते आठवून तू मरेपर्यंत हसलीस. अक्षरशः. तेही सांगतो, पुढं येतंय.

माझे सासरे तुझ्या हॉस्पिटलात आले, दम्यानं बेजार. व्हेंटिलेटर लागला. तुझ्या अभ्यासात त्यांना घ्यायचं का, म्हणून विचारणा झाली. मी सही दिली आणि लगेच कामाला लागलो. आपल्या तालुक्यात सातबारा असो की शाळेचा दाखला, आधी माणूस शोधतात आणि मग अर्ज लिहितात. मी तुला फोन केला, “बाई, आपल्या माणसाला चांगला गट दे.” तू फोन आपटलास. मग मी आपल्या पुढाऱ्याला गाठलं. त्यानं खरंच तुझ्या हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना फोन लावला की अमुक पेशंट आपल्या भागातले प्रतिष्ठित आहेत, तरी त्यांची चिठ्ठी जरा बघून काढावी.

दिवाळीला तू आलीस ती फराळाला हात लावायच्या आधी माझ्यावर धावलीस.

“दादा, तू चिठ्ठीला वशिला लावलास?”

“लावला. मग? बहीण असून तू काही करेनास.”

“अरे, चांगला गट कुठला ते मला माहीत असतं, तर मी एवढा उपद्व्याप कशाला केला असता? माहीत नाही म्हणून तर चिठ्ठी!”

“पण तुमच्या साहेबाला तरी माहीत असेल की.”

तू करंजी उचललीस. मला वाटलं मारतेस. खाल्लीस.

सासरे खणखणीत बरे झाले. कुठल्या गटात होते ते तू सांगितलं नाहीस, पण ते स्वतः सगळीकडे सांगत सुटले, “जावयानं फोन केला, मला फस्क्लास गटात टाकलं.” मावळातल्या निम्म्या पाहुण्यांचा आजही समज आहे की तुझ्याकडे दोन डबे असायचे, रेल्वेसारखे, आणि मी सासऱ्यांचं रिझर्वेशन केलं.

मग तू आजारी पडलीस.

तुला जवळ म्हणून ज्या हॉस्पिटलात नेलं, तिथंही तुझा अभ्यास चालू होता, आणि तिथला भार केतकीकडे होता. तुझी विद्यार्थिनी. मला ती लहान वाटली, पण आता डॉक्टर सगळेच मला लहान वाटतात. तुला नळी घातल्यावर ती बाहेर आली, एक स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, “मॅडमनी शिकवलंय, नातेवाइकांशी उभ्यानं बोलायचं नाही.” आणि मग हातातले कागदच उलटसुलट करत बसली. मीच तिला पाणी आणून दिलं.

“दादा, मॅडम आमच्या अभ्यासात बसतात. त्यांना घेता येईल का, हे मी नैतिकता समितीला विचारून आलेय. हो म्हणाले. पण तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही. दोन्ही पद्धती आम्ही रोजच वापरतो. कुठली जास्त चांगली ते ठरलेलं नाही. आणि हो म्हटल्यावरही तुम्हाला कधीही थांबवता येतं. कारण सांगावं लागत नाही.”

तिनं मला घाबरवलं नाही, की गळही घातली नाही. तुझ्यासारखीच बोलत होती, हात मांडीवर ठेवून.

आई बाजूला होती. ती म्हणाली, “चिठ्ठी? आगं, ती डाक्टर हाय. तिला तरी चांगलं काय ते द्या.”

दिवाळीला मी जे बोललो होतो, तेच. आणि आईला समजवायला उरलो कोण, तर मी. मी आईला खाचराचं सांगितलं, आबांचं नाव घेऊन सांगितलं. नवं बियाणं, जुना आंबेमोहर, सगळं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुला काय कळतंय त्यातलं?” बरोबर होतं. पण मला तुझ्या वतीनं बोलायला बसवलं होतं, आणि तू काय बोलली असतीस याबद्दल मला तिळभरही शंका नव्हती. मी सही केली. करताना मनात म्हटलं, झोपेची निघू दे. देवा, नंदीला झोपेची निघू दे. पुढाऱ्याचा नंबर खिशात होता, नंदे. खोटं कशाला सांगू, हात एकदा खिशाकडे गेला.

चिठ्ठी जागं ठेवायची निघाली.

तू डोळे उघडलेस ती सकाळ मी कुणालाच सांगू शकलेलो नाही. तू छताकडे बघत होतीस. मग नळीवर खोकला आला, सगळं अंग उचललं गेलं, हात नळीकडे निघाला आणि नर्सनं तो धरला. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते कानात गेलं. केतकी तुझ्या कानाशी वाकून सांगत होती, “मॅडम, तुम्ही आयसीयूत आहात, नळी आहे, म्हणून बोलता येत नाहीये, दुखतंय का?” आणि मी, तुझा मोठा भाऊ, दाराबाहेर. पळालो होतो. चपला आत राहिल्या होत्या.

आई बाहेर आली. आबांच्या वेळीही मी तिला असं बघितलं नव्हतं. माझ्या शर्टाची गुंडी धरून म्हणाली, “झोपीव रं तिला. तिचा जीव तडफडतोय. तुझ्या सहीनं जागी केली न्हवं? तुझ्याच सहीनं झोपीव.”

मी केतकीकडे गेलो. आत जाऊन तिला म्हणालो, “डॉक्टर, काढा तिला यातून. कारण विचारू नका.”

“नाही विचारत,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलंत, बाहेर काढते. फक्त एक करता येईल का? तुमची सही मॅडमना बोलता येत नव्हतं म्हणून घेतली होती. आता त्या जाग्या आहेत. समजतंय त्यांना, मी तपासलंय. त्यांना विचारू या?”

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. इतकी वर्षं जागं-झोपलेलं यावर भांडलो, पण जाग्या माणसाला विचारता येतं, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं.

मी तुझ्यापाशी आलो. तू ओळखलंस. ते मला पक्कं माहीत आहे, कारण तू माझ्या अनवाणी पायांकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे, ‘काय हा अवतार’ अशा नजरेनं. मी तुझा हात हातात घेतला आणि म्हणालो, “नंदे, लई त्रास होतोय ना गं? झोपतेस ना आता? होय असंल तर हात दाब.”

“असं नाही, दादा,” मागून केतकी हळूच म्हणाली. “हे तुम्ही त्यांच्या तोंडी घालताय. दोन्ही विचारा.”

म्हणजे बघ, तिथंही मी वशिलाच लावत होतो.

मी परत विचारलं. झोपायचंय? हात तसाच राहिला, सैल. जागं राहायचंय? तू दाबलास. बोटांत ताकद नव्हती, पण दाबलास. मला वाटलं चुकून झालं असेल. परत विचारलं. तू दाबलास आणि डोळे वटारलेस. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

तू ‘झोपायचंय’ म्हणावंस असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. तू म्हणाली असतीस तर मी सुटलो असतो.

आई हे सगळं बघत होती. ती पुढं आली, तुझे विस्कटलेले केस बोटांनी मागं सारले आणि म्हणाली, “बरं. ऱ्हा जागी. मी हितं हाय.” आणि तिनं जे बोलायला सुरुवात केली! भात कापून झाला, आंबेमोहर यंदा बरा उतरला, मागच्या खोलीतल्या पोरानं नळ चालू ठेवला आन् सगळी टाकी रिकामी, शेजारचीची सून परत आली, वांग्यावर कीड पडली. तुझे डोळे आईच्या तोंडावरून हलत नव्हते. आबांशी शेवटी असं कुणी बोललं नव्हतं. बोललो असतो तरी ते त्यांना ऐकू आलं का, ते कळलं नसतं.

मध्येच आईला धाप लागली, म्हणून मी बदली खेळाडू म्हणून उतरलो. मला दुसरं काय येतं? सासऱ्यांची गोष्ट काढली. “नंदे, सासरे खाली येऊन बसलेत. वॉचमनला सांगतायत, आमच्या डाक्टरीणबाईंना फस्क्लास गटात टाका, मी त्या डब्यातनं जाऊन आलोय, गाद्या मऊ आहेत.” हे मी रचलं होतं. सासरे घरी होते. तुझी छाती हलली, खांदे हलले, आणि व्हेंटिलेटर असा किंचाळला की दोन नर्स धावत आल्या. “काय झालं? काय केलंत?” मी म्हणालो, “हसवलं.” मोठ्या नर्सनं मला सरळ सांगितलं, “काका, इथं हसवायला परवानगी नाही.” तू तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघत होतीस. डोळ्यांत तेच, मध्येच तोंड घालणारं. बैल वाढलेत, दादा.

हसणं ओसरल्यावर तू माझा तळहात उलटा केलास आणि त्यावर बोट फिरवायला लागलीस. मला अक्षर लागेना. परत फिरवलंस, हळू, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर. ‘खरं सांग.’

मी सगळ्यांना नेहमी चांगलंच सांगत आलोय. आईला सकाळीच सांगितलं होतं, सुधारतेय. तुलाही तेच सांगणार होतो, ओठांवर होतं. पण तू जागी होतीस, आणि तुला कसं फसवणार? मी म्हणालो, “किडन्या नीट चालत नाहीयेत. ऑक्सिजन काल वाढवावा लागला. डॉक्टर माझ्याशी बोलताना आता थांबून थांबून बोलतात. मला भीती वाटतीये, नंदे.”

तू डोळे मिटलेस. मग माझ्या हातावर दोनदा थोपटलंस. पेशंटच्या नातेवाइकांना थोपटतात ना, तसं. तोंडात नळी, आणि धीर तू मला देत होतीस.

नंतर तू आईकडे बघितलंस, बराच वेळ. काय होतं ते तुम्हा दोघींचं, मला त्यात जागा नव्हती. मी चपला शोधल्या.

तशा आणखी सकाळी मिळाल्या, थोड्या. प्रत्येक सकाळ आधीच्यापेक्षा लहान. मग फुप्फुसांनी अगदीच साथ सोडली आणि केतकी स्टूल घेऊन परत आली. आता गट बाजूला, म्हणाली, आता खोल झोपवावंच लागेल, अशा वेळी पेशंट आधी, हे मॅडमनीच लिहून ठेवलंय. झोपवायच्या आधी आईनं तुझ्या कपाळाला हात लावला आणि “नीज बाळा” म्हणाली. तू ऐकलंस. तुला ऐकू आलं हे मी छातीठोक सांगू शकतो. त्यानंतर तू उठली नाहीस.

मला वाटलं होतं आई मला कधीच माफ करणार नाही. केतकी परवा भेटायला आली, पडवीत खाली सतरंजीवर बसली, तेव्हा मीच घाबरत घाबरत विचारलं, नंदाची सगळी माहिती तुमच्या अभ्यासात राहणार ना? ती म्हणाली, तुमची हरकत नसेल तर. मी आईकडे बघितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. तिचं काम हाय. तिलाच त्यातनं उठीवता व्हय?” आणि एक खडा बाजूला टाकत, “माझ्याकडं बघत हुती पोर. म्हाताऱ्यानं न्हाई बघितलं. हिनं बघितलं.”

आईचं झालं. आईला जे हवं होतं ते तिला मिळालं. मी मात्र आत्याच्या प्रश्नापाशीच उभा आहे.

केतकीला फाटकापर्यंत सोडायला गेलो, आणि तोच प्रश्न तिला विचारला. झोपवलं असतं तर? तिनं तुझंच उत्तर दिलं, दुसरं कुठलं देणार? एका माणसावरून नाही सांगता येत. सगळ्यांचं मिळून कळेल, अजून वेळ आहे. मी म्हणालो, कळेल तेव्हा मला कळवा. ती म्हणाली, दादा, नक्की? मी म्हणालो, नक्की. कसंही येऊ दे. तिनं माझा नंबर घेतला. तिच्या गाडीपाठोपाठ मी रस्त्यापर्यंत गेलो, आणखी काहीतरी सांगायचं राहिल्यासारखं, आणि टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा बाजूला झालो.

आता मला त्या फोनची भीती वाटते. जागे ठेवलेले जास्त वाचले, असं निघालं तर मी पडवीत सगळ्यांना बोलवून सांगेन, बैल वाढवून सांगेन, तू काय केलंस ते. आणि दोन्ही सारखेच निघाले, तर आत्याला तसं सांगेन आणि ती हं म्हणेल. पण झोपलेले जास्त वाचले, असं निघालं तर? तर ते तुझंच संशोधन असेल. पुढं कुणाची तरी बहीण त्यामुळं वाचेल, आणि तू म्हणशील, बरं झालं कळलं. तू खरंच म्हणशील, तुला ओळखत नाही का मी? पण मी तुझा फक्त भाऊ आहे. तू हात दाबलास, आईकडे बघितलंस, माझ्या फालतू गोष्टीला यंत्र किंचाळेपर्यंत हसलीस, ती सकाळ मी जपून ठेवलीये. माझ्याकडे त्याच्याइतकं मोलाचं काही नाही.

त्या बदल्यात तू मिळणार असशील, झोपलेली, न बोललेली, कधीतरी उठून घरी येणारी, तर ती सकाळ मी देऊन टाकीन, नंदे. तू म्हणशील असा व्यवहार नसतो, दादा. नसतो. ठाऊक आहे मला. तरी देईन.